खाणीपासून बंदरापर्यंत : शिवसमुद्रम ते लोबिटो



कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे नाव तुम्हाला नव्याने सांगायला नको. बंगळूरच्या आणि पुढे जालंधरच्या किंग जॉर्ज मिलिटरी कॉलेजचा हा विद्यार्थी, म्हणजे मिलिटरी स्कूलच्या घराण्यातलाच. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतील एलिझाबेथविल शहरात त्यांनी सोळा जवानांसह सुमारे नव्वद सशस्त्र शत्रूंनी अडवलेल्या नाक्यावर हल्ला चढवला. नाका मोकळा झाला, पण कॅप्टन सलारियांना वीरमरण आले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळवणारे ते एकमेव सैनिक. हे सारे तुम्हाला पाठ असेल. मात्र त्याच्या पुढचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. एलिझाबेथविलमध्ये असे काय होते, की ज्यासाठी जगभरची सैन्ये तिथे जमली?

तिथे तांबे होते. काँगोचा कटांगा प्रांत म्हणजे तांबे आणि कोबाल्टचे कोठार. ३० जून १९६० ला काँगो बेल्जियमच्या ताब्यातून मुक्त झाला आणि ११ जुलैला, पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तोवर, मोईस चोंबे यांनी कटांगा स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. त्यांच्या तिजोरीत पैसा येत होता तो 'युनियन मिनियेर' या बेल्जियन खाण कंपनीच्या करातून. आता नकाशा उघडा. कटांगाचे तांबे समुद्राला लावायला राजधानीकडे जाण्याची गरजच नव्हती. एक रूळ दक्षिणेला ऱ्होडेशियातून जात होता, दुसरा पश्चिमेला पोर्तुगीज अंगोलातून लोबिटो बंदराकडे. दोन्ही परक्यांच्या मुलखातून. प्रांत देशापासून तुटला तरी त्याचा माल अडत नव्हता, कारण रूळ मुळात देशाकडे वळलेलेच नव्हते. एक वाट पूर्णपणे बेल्जियन हद्दीतून काढलेली होती, पण तीत माल आधी रेल्वेने, मग नदीतून बोटीने आणि पुन्हा रेल्वेने न्यावा लागे. एवढा उपद्व्याप करून बेल्जियमने ती बांधली, कारण आपला माल दुसऱ्याच्या बंदरातून जाणे त्यांना मान्य नव्हते. रूळ कुठून न्यायचा हे नेहमीच कमीत कमी अंतर पाहून ठरत नाही, ते त्यातून दिसते.

मी सॅपर. खडकीला घडलो, निवृत्तीनंतर म्हैसूरला स्थायिक झालो. आपल्या शाळेची मुले इथे येतात ती बहुधा एअर फोर्सच्या सिलेक्शन बोर्डासाठी, आणि कधी कधी आदल्या दिवशी माझ्याकडे उतरतात. अशाच दोघांनी मागे लेक्चरेटची तयारी म्हणून मला 'लोबिटो कॉरिडॉर' या विषयावर तीन मिनिटे बोलून दाखवले. बोलणे सफाईदार होते. चीनने काय बांधले, अमेरिका काय बांधते आहे, कोणाचे किती डॉलर, सगळे चोख. मी विचारले, "अंगोलाला यातून काय हवे आहे? झांबियाला?" दोघेही गप्प. त्यांच्या सगळ्या वर्तमानपत्री कात्रणांत आफ्रिका ही पटाची जागा होती, खेळाडू दुसरेच. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

पण आफ्रिकेला जाण्याआधी म्हैसूरजवळच थांबू. परक्या कंपनीची खाण, परकी यंत्रे आणि यजमान राज्य यांचा व्यवहार कसा चालतो याचा एक पूर्ण हिशेब इथे पाहायला मिळतो. पूर्ण म्हणतो, कारण ती खाण आता बंद आहे आणि मागे काय उरले ते मोजता येते.

कोलारच्या सोन्याची आधुनिक कथा मायकेल लव्हेल या निवृत्त सैनिकापासून सुरू होते. १८७५ साली त्याला कोलार भागात खाणकामाचा परवाना मिळाला. तारीख लक्षात ठेवा. १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षे म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनर पाहत होते. वाडियार घराण्याकडे राज्य परत आले ते १८८१ मध्ये. म्हणजे पहिला परवाना दिला तेव्हा म्हैसूरच्या बाजूने सही करणारा माणूस म्हैसूरचा नव्हता. पुढे लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने खाणी हाती घेतल्या आणि सोने खरोखर लागले. दरबाराला मिळणारी रॉयल्टी होती उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के. सोने इंग्लंडला जाई. मद्रास रेल्वेच्या बाउरिंगपेट स्थानकापासून, म्हणजे आजच्या बंगारपेटपासून, मारिकुप्पमपर्यंत दहा मैलांचा फाटा १८९० च्या दशकात झाला. खाण परक्यांची, पण हा फाटा दरबारच्या पैशाने बांधलेला. कोळसा, यंत्रे आणि माणसे आत जायची, सोने बाहेर यायचे.

इथवरची गोष्ट वसाहतकाळातल्या कुठल्याही खाणीची म्हणून खपून गेली असती. शिवसमुद्रममुळे ती वेगळी झाली.

म्हैसूरहून दोन तासांच्या आत तुम्ही शिवसमुद्रमला पोहोचता. कावेरी तिथे बेटाला वळसा घालून दोन धबधब्यांनी खाली उतरते. खोल जाणाऱ्या खाणींना पाणी उपसायला, पाळणे वर ओढायला आणि दगड फोडायला प्रचंड शक्ती लागत होती, आणि ती वाफेवर, बाहेरून आणलेल्या इंधनावर महाग पडत होती. ए. सी. जोली द लोबिनिएर हा रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी तेव्हा म्हैसूरच्या सेवेत होता. क्वेबेकच्या एका मोठ्या घराण्यातला, कॅनडाच्या मिलिटरी कॉलेजात शिकलेला. सॅपर असल्याने मला त्याच्याविषयी जरा जास्तच आपुलकी आहे, ती खपवून घ्या. कावेरीची वीज तारेने कोलारपर्यंत न्यावी ही योजना त्याने मांडली आणि दिवाण शेषाद्री अय्यर यांनी ती उचलून धरली. दोन ठिकाणांतले तारेचे अंतर होते ९२ मैल, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर. आशियात इतक्या लांब वीज तेव्हा कोणी नेली नव्हती, आणि जगातही ती सर्वांत लांब तारांमध्ये गणली जाई. जोली अमेरिका आणि युरोपात फिरून आला. विजेची यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून आणि पाणचक्क्या स्वित्झर्लंडच्या एशर व्हिस कंपनीकडून घेतल्या. मद्दूर स्थानकावर उतरवलेले जड भाग हत्ती आणि बैलगाड्या लावून डोंगराखाली नेले. प्रत्येकी ७२० किलोवॅटची सहा यंत्रे उभी राहिली आणि ३० जून १९०२ रोजी कोलारच्या खाणीत कावेरीची वीज पोहोचली. शेषाद्री अय्यर ते पाहू शकले नाहीत. आदल्याच वर्षी ते वारले.

आता करार पाहा. वीजघर आणि तार दरबारच्या मालकीची. खाण कंपनी ही ग्राहक. तिने सुमारे ४ हजार अश्वशक्ती वीज दहा वर्षे घेण्याचे लेखी बांधून दिले होते. म्हणजे पैसा ओतण्यापूर्वीच दरबाराला गिऱ्हाईक पक्के मिळाले होते. ज्यांना सोन्याचा शेकडा पाचच हिस्सा मिळत होता, त्यांनी त्याच कंपनीला वीज विकून दुसरे उत्पन्न उभे केले, आणि ती वीज खाणीखेरीज इतर कामाला वळवण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. १८७५ चा परवाना आणि हा वीजकरार शेजारी ठेवले की फरक दिसतो. खाण तीच, लंडनची कंपनी तीच. पण आता टेबलाच्या अलीकडच्या बाजूला आपला दिवाण बसला होता.

पुढचा वापर तर अधिकच मोलाचा. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरला विजेचे दिवे लागले, १९०८ मध्ये म्हैसूर शहरात. उन्हाळ्यात कावेरीचे पाणी घटे आणि वीज कमी पडे. खाणींना बारमाही आणि वाढीव वीज देता यावी, हे कन्नंबाडी येथे १९११ साली सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणामागचे एक मोठे कारण होते. मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, नाशिक-पुण्याकडे नोकरी केलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे तेच. धरण झाले, कालवा निघाला आणि ज्या मंड्या भागातून तुमची बंगळूर-म्हैसूर गाडी जाते तिथे ऊस उभा राहिला. १९३३ मध्ये मंड्याचा साखर कारखाना निघाला. कोलारच्या एका परक्या कंपनीला लागलेली विजेची भूक फिरत फिरत मंड्याच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आली, ती अशी.

इथे मी म्हैसूरची आरती ओवाळत नाही. तारेखालच्या खेड्यांत दिवे लागायला आणखी कित्येक दशके गेली. खाणीत उतरणारा मजूर बहुतेक तमिळ आणि तेलुगू मुलखातला, गरीब. खडक फुटून माणसे मरणे ही तिथली नित्याची भीती होती, आणि अखेर खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. सयानाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर आजही गावाशेजारी उभे आहेत. सुमारे ८०० टन सोने निघाले, त्यातले राज्यात किती राहिले ते तुम्ही पाच टक्क्यांवरून ताडू शकता. स्वातंत्र्यानंतर, १९५६ मध्ये, खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २८ फेब्रुवारी २००१ ला त्या बंद पडल्या. मात्र बंगारपेट-मारिकुप्पमचा फाटा बंद पडला नाही. त्यावरून रोज पहाटे हजारो माणसे बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परत येतात. खाणगावातच संरक्षण खात्याच्या बीईएमएलचा कारखाना आहे. सैन्यात गेलात तर त्यांची यंत्रे तुम्हाला भेटतीलच.

उलट उदाहरण हवे असेल तर बेळगावकडच्या मुलांना ते ठाऊक असलेल्या वाटेवरच आहे. कॅसलरॉक ते मुरगाव. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर लंडनमध्ये कंपनी निघाली, इंग्रजी भांडवलावर गोव्यातून घाट चढणारा रूळ झाला आणि १८८८ मध्ये तो खुला झाला. कंपनीच्या भांडवलावर ठरावीक व्याज मिळेल याची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. अपेक्षित माल आला नाही. तहही १८९२ मध्ये संपला. व्याजाचा बोजा मात्र पोर्तुगीज तिजोरीवर वर्षानुवर्षे राहिला. बंदर चांगले, घाटातले काम उत्तम (दूधसागरचा पूल पाहून कोण नाही म्हणेल?), पण माल आला नाही तर तोटा कोणी सोसायचा हे कागदावर आधीच ठरले होते आणि ते कंपनीच्या बाजूने ठरले होते. म्हैसूरने गिऱ्हाईक आधी बांधून घेतले, गोव्याने हमी आधी देऊन टाकली. ही दोन टोके डोक्यात ठेवून आता आफ्रिकेकडे वळू.

लोबिटोचा रूळ काही नवा नाही. १९०२ साली रॉबर्ट विल्यम्स या स्कॉटिश उद्योजकाला पोर्तुगालकडून ९९ वर्षांची सवलत मिळाली. तेराशेहून अधिक किलोमीटरची ही बेंगेला रेल्वे अंगोलाच्या सरहद्दीपर्यंत नेऊन १९३१ मध्ये कटांगाला जोडली गेली. इंजिनांना लाकूड मिळावे म्हणून रुळाच्या कडेने निलगिरीची बने लावलेली होती. १९७५ मध्ये अंगोला स्वतंत्र झाला, यादवी पेटली आणि या मार्गावरची आंतरराष्ट्रीय वाहतूक थांबली. २००१ मध्ये ९९ वर्षे संपली तेव्हा अंगोला सरकारच्या हाती आले ते पूल उडवलेले, सुरुंग पेरलेले मार्गाचे अवशेष. २००६ ते २०१४ या काळात चिनी कंपनीने तो पुन्हा बांधून दिला. २०२२ मध्ये अंगोलाने तो चालवण्याचा तीस वर्षांचा ठेका युरोपीय कंपन्यांच्या गटाला दिला, आणि अमेरिकेच्या विकास-वित्त संस्थेने त्यासाठी ५५ कोटी डॉलरच्या वर कर्ज मंजूर केले.

क्षणभर थांबून हा क्रम पुन्हा वाचा. इंग्रजी भांडवलाने बांधलेला, चीनने दुरुस्त केलेला, युरोपीय गट चालवतो तो, अमेरिकी कर्जावर वाढणारा रूळ. त्यावरून सुरुवातीला ज्या खाणीचे तांबे गेले त्या कामोआ-काकुलात एक मोठा भागीदार चिनी कंपनीच आहे. 'चीन विरुद्ध अमेरिका' एवढ्या एका वाक्यात हे बसवायला गेलात की चूक होणारच. मालक बदलतात, ठेकेदार बदलतात, लोबिटोचा समुद्र आणि कटांगाचा खडक तिथेच राहतात. आणि आता राहते ते अंगोलाचे सरकारही.

अंगोलाचा स्वार्थ काय? देशाची निर्यात बव्हंशी तेलावर चालते आणि तेलाचा भाव पडला की तिजोरी कोरडी. त्यांना दुसऱ्याचे तांबे आपल्या बंदरातून गेल्याचा ठेका-शुल्काचा पैसा हवा आहे. पण त्याहून जास्त हवी आहे ती रुळाकडेच्या मध्यवर्ती पठाराची शेती. हुआंबो आणि बिये हे प्रांत एकेकाळी धान्यासाठी नावाजलेले होते, युद्धाने उजाड झाले. मक्याचे पोते किनाऱ्याला आणि खत परत आत, अशी वाहतूक झाली तर अंगोलाचा फायदा. तांब्याचे डबे बंद करून सुसाट निघून गेले तर अंगोलाला उरते फक्त शिट्टी.

काँगोची अडचण वेगळी. जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट तिथे निघते आणि तांब्यातही तो आघाडीवर आहे, पण माल ट्रकने झांबियाच्या सरहद्दीवरील कासुंबालेसाला येतो आणि तिथे रांगेत उभा राहतो. मग डरबन, दार-एस-सलाम नाहीतर वॉल्व्हिस बे. रेल्वेने ते दिवस वाचतील हे उघड. पण काँगोच्या बाजूचा रूळ सर्वांत कमकुवत आहे, आणि लोबिटोच्या नव्या पैशातला किती वाटा सरहद्दीच्या अलीकडे खर्च होतो हा किन्शासाचा रास्त सवाल आहे. शिवाय तांबे-कोबाल्ट कच्चे पाठवायचे की आपल्याकडे शुद्ध करून, बॅटरीच्या साहित्यापर्यंत नेऊन? २०२२ च्या डिसेंबरमध्ये काँगो, झांबिया आणि अमेरिका यांनी बॅटरी उद्योगाविषयी सामंजस्य करार केला तो त्यासाठीच. आणि शुद्धीकरणाला काय लागते? वीज. शिवसमुद्रमचे गणित इथे पुन्हा येते. ज्याच्याकडे वीज आहे त्याला खाण कंपनीला माल इथेच शुद्ध करा म्हणता येते, ज्याच्याकडे नाही त्याला दगडच विकावा लागतो.

झांबिया मला या तिघांत सर्वांत हुशार खेळी करणारा वाटतो, कदाचित ठेच जास्त लागल्यामुळे. या देशाला समुद्र नाही. १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले तेव्हा झांबियाचे तांबे जिथून जात होते ती दक्षिणेची वाट शत्रूच्या हाती गेली. केनेथ कौंडा आणि टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांनी पूर्वेकडे दार-एस-सलामला रेल्वे बांधायची ठरवली. पाश्चात्त्य देश आणि जागतिक बँक म्हणाले, परवडणार नाही. मग चीनने बिनव्याजी कर्ज दिले आणि १९७० ते १९७५ या काळात १,८६० किलोमीटरचा ताझारा मार्ग पुरा झाला. चीन स्वतः गरीब होता, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत होता, तरी हजारो चिनी कामगार आणि तंत्रज्ञ तिथे राबले, साठाहून अधिक तिथेच दगावले. योगायोग पाहा, १९७५ मध्ये लोबिटोची वाट बंद झाली आणि त्याच वर्षी ताझाराचे काम पूर्ण झाले.

सॅपरच्या नजरेने ताझारात एक गोष्ट फार बोलकी आहे. तिचा गेज १,०६७ मिलिमीटरचा, झांबियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या रुळांशी जुळणारा. टांझानियाची जुनी लाइन मात्र मीटर गेजची. म्हणजे यजमान टांझानियाच्याच एका रुळावरून दुसऱ्यावर डबा जाऊ शकत नव्हता, माल उतरवून चढवावा लागे. हिशेब तांब्याचा धरलेला होता. तरीही प्रवासी गाडी सुरू झाल्यावर स्थानकांभोवती बाजार बसले आणि कडेची शेतकरी माणसे तांदूळ-भाजी घेऊन चढू लागली. तांब्याच्या टनेजवर ताझारा अपयशी ठरली, वर्षाला २० लाख टनांचा आराखडा प्रत्यक्षात साधला नाही. बाजाराच्या हिशेबात ती अपयशी होती का, याचे उत्तर त्या स्थानकांवरची माणसे वेगळे देतील.

आता झांबियाकडे दोन्ही दारे आहेत. पश्चिमेला लोबिटोशी जोडणारा सुमारे ८०० किलोमीटरचा नवा मार्ग आखला जातो आहे. पूर्वेला ताझाराच्या दुरुस्तीसाठी चिनी कंपनीने सुमारे १४० कोटी डॉलर गुंतवून तीस वर्षे चालवण्याचा करार २०२५ मध्ये केला. २०२० मध्ये कर्ज फेडता न आल्याने ज्या देशाची जगभर नाचक्की झाली, त्याच देशाच्या तांब्यासाठी आता दोन गिऱ्हाइके दारात आहेत. तांब्याचे उत्पादन २०३१ च्या सुमारास वर्षाला ३० लाख टनांवर न्यायचे त्यांनी ठरवले आहे. दोन वाटांमधला कोणता भाडेदर कमी, कोण रिकामे डबे लवकर परत देतो, कोण वाटेत कारखाना घालायला तयार आहे, हे विचारण्याची ऐपत झांबियाला प्रथमच आली आहे.

लेक्चरेटसाठी आणखी एक उदाहरण देतो, कारण ते अजून फार घासलेले नाही. पश्चिम आफ्रिकेतील गिनीमध्ये सिमंडू येथे उच्च प्रतीच्या लोहखनिजाचा डोंगर आहे. समुद्र सहाशेहून अधिक किलोमीटर दूर. शेजारच्या लायबेरियातून वाट जवळची होती. गिनीने हट्ट धरला, रूळ आमच्याच देशातून जाईल. खर्च वाढला, वर्षे गेली. २०२२ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने काम दोनदा थांबवले. अखेर ठरले ते असे : रेल्वे आणि बंदर खाणीच्या दोन्ही गटांनी मिळून वापरायचे, त्या कंपनीत सरकारला १५ टक्के हिस्सा, खनिजाखेरीज इतर माल आणि प्रवासीही नेता यायला हवेत, आणि ३५ वर्षांनी सारे देशाच्या मालकीचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथून खनिज निघू लागले. त्या मार्गासाठी इंजिने जात आहेत ती बिहारमधील मढौऱ्याच्या कारखान्यातून. लष्करी राजवटीचे कौतुक करावे असे मला वाटत नाही, आणि तो १५ टक्के हिस्सा गिनीच्या गावांपर्यंत पोहोचेल का हे ३५ वर्षांनी कळेल. पण लांबची वाट निवडण्याचे कारण आता तुमच्या लक्षात येईल. बेल्जियमने कटांगाला जे स्वतःसाठी केले, तेच गिनीने आपल्यासाठी केले.

आपला देश या व्यवहारात प्रेक्षक नाही. बॅटरी, विमानाचे इंजिन, क्षेपणास्त्राचे सुटे भाग, कशालाही कोबाल्ट आणि तांबे लागतेच, आणि झांबियात खनिजशोधासाठी भारतालाही मोठे क्षेत्र देऊ केलेले आहे. म्हणजे उद्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आपण बसलेले असू, जिथे एकेकाळी जॉन टेलर कंपनी बसली होती. तिथे बसणाऱ्याने समोरच्याला काय हवे आहे हे जाणणे फायद्याचे असते. दरबाराशी दहा वर्षांचा लेखी करार करून कंपनीला घाटा झाला नाही, तिला वाफेपेक्षा स्वस्त आणि खात्रीची वीज मिळाली.

म्हैसूरला याल तेव्हा वेळ काढून कृष्णराजसागर रस्त्यावरचे रेल्वे म्युझियम जरूर पाहा. महाराणींचा डबा बघण्यासारखा आहेच, पण त्यापुढे उभे राहून एक गोष्ट आठवा. १८८६ मध्ये म्हैसूर दरबारने आपली रेल्वे चालवायला दिली ती सदर्न मराठा रेल्वे नावाच्या लंडनच्या कंपनीला, हरिहरपर्यंतच्या मार्गाचे कर्जही लंडनलाच उभे राहिले. 'मराठा' फक्त नावात, कारण मार्ग धारवाड-बेळगावच्या दक्षिण मराठा मुलखातून जात होता. पुढे संस्थानाने टप्प्याटप्प्याने ती रेल्वे आपल्या हाती परत घेतली. लोबिटोचा तीस वर्षांचा ठेका संपेल तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण निवृत्तीच्या आसपास असाल.

तोवर पाहण्यासारखे बरेच आहे. कोबाल्टचा भाव कोसळला म्हणून काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यात सरळ थांबवली. कोणाचीही रेल्वे असो, कोणाचीही खाण असो, डबे कोबाल्टविना उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, पण तिच्या जागी कोटा आला : २०२६ साठी ९६,६०० टन, कोणत्या कंपनीने किती हे सरकार ठरवणार. लोबिटोच्या रुळाचे कर्ज वॉशिंग्टनमध्ये मंजूर झाले आणि खाणींचे भाग शांघाय-हाँगकाँगच्या बाजारात विकले जातात, पण त्या वर्षी कोबाल्टचे किती डबे भरायचे याचा आकडा किन्शासात लिहिला गेला.